होळीच्या निखाऱ्यावरचं पाणी

फाल्गुनाची पौर्णिमा आठ दिवसांवर आली की मोठीमाय घरातला जुना झाडू काढून ठेवायची आणि शिंदीचा नवा आणायला मला बाजारात पिटाळायची. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या मेहकरकडे थोरल्या काकूला असंच म्हणतात. मोठेबाबा लवकर गेले, मूलबाळ झालं नव्हतं, त्यामुळे ती आमच्यातच राहिली. वर्षाचे साडेअकरा महिने ती घरात असून नसल्यासारखी असायची. तिला कुणी काही विचारत नसे, आज भाजी कोणती करू हेसुद्धा नाही. पण होळीपासून पाडव्यापर्यंतचे पंधरा दिवस घर तिचं होतं.

होळीच्या दुपारी ती नव्या झाडूने घराचे चारही कोपरे झाडायची. प्रत्येक कोपऱ्यातला चिमूटभर केर जुन्या लुगड्याच्या फडक्यात घ्यायची, त्यात खडेमीठ, मोहरी, सात लाल मिरच्या आणि एक बिब्बा घालून गाठ मारायची. मग आम्हाला ओळीनं उभं करून ते गाठोडं एकेकावरून सात वेळा उतरवायची. यात लहानथोर नव्हतं. आमचे वडील हेडक्लार्क, साहेबाला उलट बोलणारे, पण तेही टोपी काढून मुकाट उभे राहत. वर्षाची इडापिडा, नजर, येणाऱ्या उन्हाळ्याचं भय असं सगळं त्या फडक्यात गेलं असं समजायचं. गाठोडं होळीत टाकायचं आणि मागे न पाहता घरात यायचं. मिरच्यांचा ठसका लागला तर नजर नव्हती, नाही लागला तर नजर जबर होती. मला दर वर्षी दणदणीत ठसका लागायचा. मला नजर लावावी असं आजवर कुणालाच वाटलं नाही, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

खरी कामगिरी दुसऱ्या दिवशी सकाळी. विझत आलेल्या होळीतले निखारे ती घमेल्यात भरून अंगणात आणायची. तीन दगड मांडायची, वर तपेलं ठेवायची, आणि पाण्यात ओंजळभर पळसाची फुलं सोडायची. पाणी हळूहळू केशरी व्हायचं. त्या पाण्यानं घरातल्या सगळ्यात लहान मुलाला आधी न्हाऊ घालायचं, मग चढत्या वयानं बाकीच्यांना. त्यानं वर्षभर ऊन बाधत नाही, अंगावर घामोळं उठत नाही. समोरच्या गल्लीतल्या बांगडीवाल्या भाभी आपल्या मुलीच्या हाती तांब्या पाठवायच्या, "अम्मा, हमारे बच्चों को भी थोडा." मोठीमाय तांब्या भरून द्यायची आणि वर सांगायची की लहान्याला आधी घाल, उलटं करू नको.

उरलेली राख उंबऱ्याला, गव्हाच्या कोठीच्या तळाशी आणि जिथून मुंग्या निघतात तिथं. पुढे पाडव्याला कडुलिंबाचा मोहोर, ओवा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि नावापुरता गूळ वाटून केलेली गोळी प्रत्येकाच्या जिभेवर तीच ठेवायची. तोंड वाकडं केलं तर दुसरी गोळी. कॉलेजात गेल्यावर मी या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणायला शिकलो. आंघोळ मात्र एकदाही चुकवली नाही. उगाच कशाला.

आता माझं सांगतो. मी कृषी केंद्र चालवतो, बियाणं आणि फवारणीची औषधं विकतो. पण आमच्या गोतावळ्यात मला त्यासाठी कुणी ओळखत नाही. मला ओळखतात ते गोष्टी सांगणारा म्हणून. लग्नात पंगतीला उशीर असला, तेरवीला भटजी यायचा असला, की कुणीतरी म्हणतंच, याले बसवा मधात. मग मी बसतो आणि बोलतो. माझी खुबी एवढीच की मी स्वतः हसत नाही. चेहरा बँकेत कर्ज मागायला गेल्यासारखा ठेवतो, त्यामुळे लोक जास्त हसतात. ही खुबी मी फार वर्षं मिरवली. पुढे ती कशी माझ्यावर उलटली ते सांगायला बसलो आहे.

मोठीमायची पहिली गोष्ट मी माझ्याच लग्नात सांगितली. त्याआधी मी तीन मुली पाहून आलो होतो. तिन्हीकडचे लोक 'कळवतो' म्हणाले होते आणि अजून कळवताहेत. त्या वर्षी मोठीमायनं गाठोडं माझ्यावरून सातऐवजी चौदा वेळा उतरवलं आणि धुळवडीला पळसाच्या पाण्याचे दोन तांबे जास्तीचे ओतले. चैत्रात चौथ्या मुलीचा होकार आला. मांडवात मी सरळ चेहऱ्यानं सांगितलं की ही मुलगी राजीखुशीनं आलेली नाही, आमच्या मोठीमायनं हिला होळीतून मंत्र मारून ओढून आणलं आहे. सगळा मांडव हसला. माझी बायको आजही म्हणते, "माह्यावर काही मंत्र नव्हता. माह्या बापाले घाई होती."

बायकांच्या घोळक्यात बसलेली मोठीमाय पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. चार दिवसांनी मी एकटा असताना ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सांग बरं पुन्हा, मी कशी उतरवत होती ते." मी पुन्हा सांगितलं. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिचा एकही फोटो नाही. विधवा बाई पुढे येत नसे, आणि फोटोवाल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. त्या मांडवात ती होती ती फक्त माझ्या गोष्टीत. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, गोष्ट भारी जमली.

जमलेली गोष्ट कुणी तशीच ठेवतं का? मी ती वाढवत गेलो. दर लग्नाला एक ठिगळ. तिचं माहेर ज्ञानगंगेच्या जंगलाकडचं, तिथल्या एका म्हातारीनं तिला शब्द शिकवले, असं घातलं. तिचं माहेर खरं तर देऊळगाव राजाच्या रस्त्यावरचं, आजूबाजूला जंगल सोडा, धड झाडही नव्हतं. ती पाण्यावर फुंकर घालते, असं घातलं. फुंकर घालायची खरी, पण राख बाजूला सारायला. आणि मग मी भिंतीची गोष्ट रचली.

आमच्या मागचा प्लॉट एका माणसानं घेतला होता आणि कुंपणाची भिंत दोन फूट आमच्यात घातली होती. भांडण झालं, मोजणीचा अर्ज झाला, पुढे काही झालं नाही. होळीनंतर काही दिवसांनी त्या माणसाच्या पोटात कळ उठली. त्याला संभाजीनगरला नेलं, मुतखडा निघाला, आठ दिवसांत माणूस घरी. पुढे त्यानं ते घर विकलं आणि तो अकोल्याला गेला. झालेलं एवढंच. माझ्या गोष्टीत मोठीमाय धुळवडीच्या सकाळी मूठभर राख घेऊन त्या भिंतीपाशी जाते, काही न बोलता भिंतीच्या पायाशी रेघ ओढते, आणि तिसऱ्या दिवशी तो माणूस आडवा. राख तिनं खरोखर टाकली होती, मी पाहिली होती. तिथून मुंग्या निघायच्या.

ही गोष्ट पहिलीपेक्षा जास्त चालली. पहिलीत लोक हसायचे. हिच्यात आधी गप्प व्हायचे आणि मग हसायचे. सांगणाऱ्याला त्या गप्प होण्याची चटक लागते. एक मात्र लिहून टाकलं पाहिजे. मोठीमाय जवळपास असली की मी ही गोष्ट सांगत नसे. लग्नाची सांगायचो, भिंतीची नाही. म्हणजे आत कुठंतरी मला माहीत होतं.

अशी पंधरा-वीस वर्षं गेली. वडील गेले, आई गेली. आमचं घर दोन मजली झालं. खाली आम्ही आणि मोठीमाय, वर माझा चुलतभाऊ, धाकट्या काकांचा मुलगा. त्याच्या मुलाचं लग्न झालं. सून जालन्याकडची, शिकलेली, लॅबमध्ये काम केलेली, बोलायला साधी. त्या लग्नातही मी भिंतीची गोष्ट सांगितली होती. व्याह्यांकडच्या पाहुण्यांत बसून, त्यांनीच आग्रह केला म्हणून. सुनेची आई पहिल्या रांगेत होती. ती हसली की नाही ते मी पाहिलं नाही. मी मागच्या रांगांकडे पाहत होतो, तिकडून हसू मोठं येतं.

सुनेचं एकदा चौथ्या महिन्यात पोटातलं गेलं. नंतर दीड वर्षानं मुलगी झाली. आमच्या घरात कितीतरी वर्षांनी पाळणा हलला आणि मोठीमाय बदलली. ती तेव्हा सत्तरीच्या पुढे होती, गुडघे गेलेले. पण रोज दोन-तीनदा जिन्याचा कठडा धरून वर जायची, पाळण्यापाशी बसायची, खाली यायची. घरात लहान मूल नसल्यानं आणि वरचे तरुण सकाळीच रंग खेळायला पळत असल्यानं कितीतरी धुळवडींना तिच्या पाण्याची पहिली आंघोळ मलाच घालावी लागत होती. पन्नाशीतला, टक्कल पडलेला, लहान मुलाच्या जागी. ती पाणी ओतताना म्हणायची, "एखादं लेकरू येऊ दे रे बाबा, हे काय घोड्याले धुनं लावलं."

आता लेकरू आलं होतं. मुलीची पहिली होळी. महिनाभर आधीपासून मोठीमायची तयारी सुरू झाली. मुलीला बसवायला लहान पाट सुताराकडून घासून आणवला. मोठेबाबांचं जुनं मऊ धोतर पेटीतून काढून, धुऊन, त्याचे चौकोनी तुकडे केले. पळसाची फुलं मी दुकानातल्या माणसाकडून मागवली तर तिनं ती परत पाठवली, म्हणे खाली पडलेली नको, झाडावरची पाहिजे. मी स्वतः लोणारच्या रस्त्यावर जाऊन तोडून आणली. झाडावर चढलो नाही, गाडीवर उभा राहिलो. गाडी पडली, मी वाचलो. हे सगळं ऐकून ती एकच बोलली. "आता पोरीले मी न्हाऊ घातलं की झालं. मंग मले काही नको."

होळीच्या तीन दिवस आधी मुलगी दुपारभर रडत होती. मोठीमायनं वर जाऊन तिला मांडीवर घेतलं आणि मीठ-मोहरी उतरवली, जशी घरातल्या प्रत्येक मुलावरून आजवर उतरवली होती. मुलगी गप्प झाली, झोपली. आणि संध्याकाळी तिला ताप भरला.

डॉक्टर म्हणाले सर्दीचा ताप आहे, थेंब दिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला. पण मधली रात्र सुनेनं जागून काढली होती आणि त्या रात्रीत ती जालन्याला आईशी फोनवर बोलली होती. चुलतभाऊ सकाळी खाली आला, माझ्या दुकानापर्यंत सोबत चालत आला आणि तिथं पोचल्यावर म्हणाला की धुळवडीला मुलीला खाली पाठवणार नाहीत. मी विचारलं काऊन. तो म्हणाला तुलाच माहीत.

मी घरी येऊन सुनेला भेटलो. ती नीट बोलली, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "काका, माझा अशा गोष्टींवर अजिबात विश्वास नाही. पण तुम्हीच सांगितलं होतं ना, त्या भिंतीचं. माझं एक गेलेलं आहे. मला रिस्क नाही घ्यायची."

तिला दोष द्यावा असं काही मला सापडलं नाही. शोधलं मी. तिची आई अडाणी, ती भित्री, भाऊ बायकोच्या ताब्यातला, असं मनात सगळ्यांना एकेक चिकटवून पाहिलं. काही टिकेना. भिंतीपाशी राख घेऊन मोठीमायला मीच उभं केलं होतं. आणि ती बिचारी तेव्हा खाली बसून धोतराच्या तुकड्यांना घड्या घालत होती.

मी ठरवलं की होळीच्या संध्याकाळी सगळ्यांसमोर कबूल करायचं. आमच्या गल्लीतली होळी घरासमोरच असते. शेणाच्या चाकोल्यांच्या, म्हणजे भोक पाडलेल्या छोट्या गोवऱ्यांच्या, माळा घातलेल्या, एरंडाची फांदी मधोमध, बायका पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन उभ्या. वरच्या मजल्यावरचे सगळे खाली आले होते. मुलगी सुनेच्या कडेवर, गळ्यात साखरेची गाठी. चुलतभावाचा जावई आला होता, नागपुरात असतो, त्याला माझ्या गोष्टींचा भारी षोक. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो की मला एक सांगायचं आहे. लगेच सगळे जवळ सरकले.

मी सांगितलं की भिंतीची गोष्ट खोटी आहे. मोठीमायनं काही केलं नव्हतं, त्या माणसाला मुतखडा झाला होता आणि बाकी सगळं मी रचलेलं आहे. मुतखडा म्हणताच पहिलं हसू आलं. मी म्हणालो हसू नका, मी खरं सांगतो आहे. दुसरं हसू त्याहून मोठं आलं. माझा चेहरा नेहमीसारखा होता ना, बँकेत गेल्यासारखा. माझ्याकडे दुसरा चेहराच नाही. मी म्हणालो राख मुंग्यांसाठी होती. तेव्हा तर जावयानं मोबाइल काढला आणि म्हणाला, "थांबा काका, पह्यल्यापासून घ्या, मी शूटिंग करतो." चुलतभाऊ कौतुकानं म्हणाला की गोष्टीला शेवट नवीन लावला यानं. सून हसली नाही. ती माझ्याकडे दयेनं पाहत होती. म्हातारीला वाचवायला काका खोटं बोलताहेत, असं तिला वाटलं असणार. आयुष्यभर खोटं सांगितलं, ते लोकांनी घरी नेऊन जपलं. एकदा खरं सांगितलं, तर कुणी हातात घेईना.

मी वळलो तर दारात मोठीमाय उभी होती. हातात गाठोडं. ओळ लावायला ती बाहेर आली होती. तिनं मला खुणेनं आत बोलावलं.

"भिंतीची कोन्ती गोष्ट बे?" तिनं विचारलं.

मी सांगितली. सगळी, जशी मांडवात सांगायचो तशी नाही, नुसती. ती कोठीला टेकून ऐकत होती. बाहेर होळी पेटली होती, बोंबा सुरू झाल्या होत्या. माझं सांगून संपल्यावर ती म्हणाली, "त्याले मुतखडाच होता. मीच त्याच्या बायकोले हुलगे देल्ले होते, काढा करून पाज म्हनून. भिंतीवरून देल्ले."

हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं ती गोष्ट सांगितली आणि तिच्यातली ही एक गोष्ट मला कुणाला विचारावीशी वाटली नव्हती.

"म्हनून पोरीले देऊन नाही राह्यले का मह्याजवळ?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं हातातल्या गाठोड्याची गाठ आवळली. मग ते माझ्या हातात दिलं. "तूच टाक," म्हणाली. त्या वर्षी ते कुणावरूनच उतरवलं गेलं नाही. मी ते होळीत टाकलं. बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना मिरच्यांचा ठसका लागला.

मला वाटलं सकाळी ती उठणार नाही. पण धुळवडीला सहा वाजता ती घमेलं घेऊन निखारे आणायला गेली. तीन दगड मांडले, तपेलं चढवलं, झाडावरची फुलं सोडली. पाटावर धोतराचा एक तुकडा अंथरला, बाकीचे शेजारी ठेवले. आणि बसली. तिला काय वाटत होतं कोण जाणे. ताप उतरला होता, रात्र गेली होती, सकाळी माणसाचं मन बदलतं. मी अंगणात दोनदा येऊन गेलो. बायकोनं वर जाऊन सुनेला विचारून पाहिलं आणि परत येऊन ती थेट स्वयंपाकघरात गेली, माझ्याकडे न पाहता.

नऊच्या सुमाराला वरच्या न्हाणीघरातून बादलीचा आवाज आला आणि मग मुलीचं रडणं, आंघोळ घालताना मुलं रडतात तसं. पाइपातून पाणी खाली उतरलं आणि अंगणातल्या नालीतून, मोठीमायच्या पायांजवळून साबणाचा फेस वाहत गेला. तिनं पाय बाजूला घेतले.

मी बनियन काढला आणि पाटापाशी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, मोठीमाय, मले घाल, दर वर्षीसारखं. मला खरंच वाटलं होतं की ती घोड्याचं काहीतरी बोलेल आणि तांब्या उचलेल. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुले कायचं ऊन लागते बापू," ती म्हणाली. "तू तर सावलीत बसून बोलतं."

पन्नाशीतला माणूस, पोट सुटलेलं, बनियन हातात घेऊन अंगणात उभा. याच्यापेक्षा मजेशीर दृश्य माझ्या कोणत्याही गोष्टीत नाही. आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही. तिनं तपेलं दोन्ही हातांनी धरलं, मला हात लावू दिला नाही, आणि ते सगळं केशरी पाणी नालीत ओतलं. धोतराचे तुकडे गोळा करून आत नेले. पुढे ते फरशी पुसायला निघाले.

त्या पाडव्याला तिनं कडुलिंबाची गोळी केली नाही. माझ्या बायकोनं मिक्सरमध्ये केली, गूळ जास्त पडला, सगळ्यांना आवडली. मी ती खाल्ली आणि माझं तोंड वाकडं झालं नाही. पुढच्या होळीला मोठीमाय आपल्या खोलीत होती, दार लोटून. निखारे आणायला कुणी गेलं नाही. बांगडीवाल्या भाभींच्या नातवाच्या हातात तांब्या आला, तो तसाच रिकामा परत गेला. घरात सगळं सुरळीत चालतं. सून मोठीमायशी चांगली वागते, तिच्या गोळ्या वेळेवर आणून देते, पाया पडते. फक्त मुलगी तिच्या खोलीत एकटी जात नाही, आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोठीमायलाही. ती जिना चढत नाही. विचारलं तर गुडघ्यांचं सांगते.

मी गोष्टी सांगणं सोडलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण सोडलं नाही. लोक बसवतात, मी बसतो. मोठीमायच्या तेवढ्या सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेगावला नात्यातलं लग्न होतं. मंगल कार्यालय गच्च, पंगतीला उशीर. मोठीमायला मी सोबत नेलं होतं. दर्शन होईल या आशेनं ती आली. भिंतीच्या गोष्टीची फर्माईश झाली तेव्हा मी ती नाही म्हणून टाळली, घसा बसल्याचं सांगितलं. तेव्हा नागपूरचा जावई उठला. म्हणाला मी सांगतो, मला पाठ आहे.

त्यानं छान सांगितली. माझ्यापेक्षा छान. चेहरा माझ्यासारखाच सरळ. त्याच्या गोष्टीत मोठीमाय भिंतीपाशी केस सोडून जाते. त्याच्या गोष्टीत तो माणूस तिसऱ्या दिवशी मरतो. माझ्याच्यानं राहवलं नाही, मी मध्येच म्हणालो की तो मेलेला नाही, अकोल्याला राहतो, गेल्या वर्षी भेटला होता. जावई प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमच्या आता लक्षात राहत नाही." सगळे हसले. ते गप्प होणं आणि मग हसणं, अगदी माझ्या हिशेबानं.

बायकांची पंगत तेवढ्यात पलीकडे बसली होती, मधे फक्त कापडी पडदा. पडद्याला कान नसतात असं मी कशाला समजू. मी उठून पलीकडे गेलो. मोठीमाय रांगेच्या टोकाला बसली होती, पान वाढलेलं, शेजारची खुर्ची रिकामी. वाढणाऱ्या बाईकडे तिनं पाणी मागितलं होतं, ते अजून आलं नव्हतं. चुलतभावाची नात, आता पळणारी-बोलणारी, कुठून तरी पाण्याचा कागदी पेला दोन्ही हातांत धरून तिच्याकडे येत होती. पाणी हिंदकळत होतं, निम्मं फ्रॉकवर सांडलं होतं, पण तिचं सगळं लक्ष पेल्यावर होतं.

समोरच्या रांगेतून सुनेनं हाक मारली, "पिल्लू, इकडे ये."

आवाजात राग नव्हता. मुलगी मध्येच थांबली. आईकडे पाहिलं, मोठीमायकडे पाहिलं. दोघींच्या मध्ये ती पेला धरून उभी राहिली आणि तिला कळेना.

"जाय," मोठीमाय म्हणाली. "माय बलावते."

मुलगी वळून गेली. मी धावत जाऊन दुसरा पेला भरून आणला आणि मोठीमायच्या पुढे धरला. तिनं तो घेतला, पानाच्या बाजूला ठेवला आणि पंगत उठेपर्यंत त्याला हात लावला नाही.